सिंदफणेतले किरकोळ मासे

मराठवाड्यातल्या मोठ्या तलावांवर जाळी सोडवली की माशांची वाटणी तिथल्या तिथे होते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रीनस एका बाजूला जातात. त्यांचे वजन होते, भाव ठरतो आणि बर्फात बसून ते शहराकडे निघतात. उरलेले दुसऱ्या ढिगात पडतात. त्यात बोटाएवढ्या चिंगळ्या असतात, चकचकीत खवल्या असतात, वाळूच्या रंगाच्या मुऱ्या, मिशाळ शिंगटी, काटेरी पाठीची वाम आणि मूठभर झिंगे. हा ढीग किरकोळीत जातो, बहुतेक वेळा जाळे ओढणाऱ्यांच्याच घरी शिजतो. मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी तर या दुसऱ्या ढिगातल्या बऱ्याच माशांना तणाच्या रांगेत बसवले आहे. तण म्हणजे उपटून टाकायची गोष्ट. या लेखाचे म्हणणे असे, की हे मासे मुळात हलके नव्हते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मासा मोजायची एक विशिष्ट रीत आपण पत्करली आणि त्या रीतीत ते हलके ठरले. आता त्यांच्याविषयीचे मत पुन्हा बदलू लागले आहे. तो बदल चांगला आहे, पण अर्धवट आहे. तो पुरा व्हायचा असेल तर सरकारी आकड्यांइतकीच आणखी एका साक्षीची गरज पडेल. ओढ्याकाठी लहानपण गेलेल्या, आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसांच्या आठवणींची.

यासाठी माजलगावइतके बोलके ठिकाण शोधून सापडणार नाही. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी सिंदफणा बीड जिल्हा आडवा कापत येते, वाटेत बिंदुसरेचे पाणी घेते आणि माजलगाव तालुक्यातच मंजरथला गोदावरीत मिसळते. याच सिंदफणेवर माजलगाव शहराला लागून १९८७ साली धरण पूर्ण झाले. जायकवाडी प्रकल्पाचा हा दुसरा टप्पा. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने आलेले गोदावरीचे पाणीही याच धरणात उतरते. साठवण सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर. त्यातले साधारण ३१२ उपयुक्त आणि १४२ मृतसाठा. म्हणजे आज चाळिशीच्या आत असलेल्या माजलगावकराला नदी ठाऊक आहे ती धरणाच्या पोटातली किंवा धरणाखालची. पाऊस संपला की डोहाडोहांत तुटणारी, उन्हाळ्यात वाळूखालून झिरपणारी, मृगाच्या पहिल्या लोंढ्याला गढूळ होऊन ओढ्याओढ्यांत शिरणारी सिंदफणा पाहिलेली पिढी आता आजोबा-आजींची आहे. त्या नदीतले मासे त्या नदीच्या चालीला सरावलेले होते. मरळीला हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ती आटत्या डबक्यातल्या चिखलातही तग धरते. मुरी गोट्या-वाळूच्या आधाराने जगते. चिंगळ्या वर्षभरात वाढून अंडी घालतात आणि एका चांगल्या पावसात पुन्हा ओढा भरून टाकतात. दुष्काळी मुलुखातल्या नदीत टिकायचे तर अंगी हेच गुण लागतात. किलोकिलोने वजन वाढवण्याचा गुण तिथे फारसा कामाचा नाही.

या माशांची ओळख इथल्या लोकांना किती बारकाईने होती याचा एक जुना लेखी पुरावा आहे. मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी म्हणून काम केलेल्या कर्नल विल्यम साइक्स याने १८३९च्या सुमारास दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडला. विज्ञानाला नव्या असलेल्या अनेक जातींना नावे देताना त्याने इथल्या मासेमारांच्या तोंडची नावेच लॅटिन नावाला जोडली. खुद्री, कोलुस, पोटैल, सांडखोल, नुक्ता अशी ती नावे थोड्याफार बदलत्या रूपात आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात चालतात. ज्यांना नाव आहे, ज्यांची अंडी घालायची जागा ठाऊक आहे, कोणता कशात चांगला लागतो हे घराघरात माहीत आहे, ते मासे किरकोळ नसतात. ही ओळख भोई, कहार, कोळी समाजांच्या धंद्यातून आलेली होती, हे खरेच. पण तिचा पाया फार विस्तृत होता. गावातली जवळपास सगळी पोरे पावसाळ्यात ओढ्यावर असत. काठीला दोरा, दोऱ्याला गळ आणि गळाला गांडूळ, नाहीतर दोघांनी धरलेले जुने धोतर किंवा आईचे फाटके लुगडे. त्यात सापडे ते बहुतेक चिंगळ्या आणि मुऱ्याच. मोठा मासा जाळेवाल्याचा, बारीक मासा पोरांचा, अशी ती न बोललेली वाटणी होती. त्यामुळे नदीतल्या जीवांपैकी सर्वांत जास्त डोळ्यांनी पाहिलेले, सर्वांत जास्त हातांनी हाताळलेले जीव हेच होते. आज साइक्सच्या यादीतले सांडखोल, पोटैल आणि नुक्ता आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणले गेले आहेत आणि कोलुस असुरक्षित जातींमध्ये.

मग ही अवकळा आली कुठून? ती दुष्टाव्यातून आली नाही. ती एका खऱ्याखुऱ्या यशातून आली. रोहू, कटला, मृगळ हे प्रामुख्याने उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते आपणहून वीण करत नाहीत. त्यामुळे त्यांचे पिल्लू बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने देशभर न्यावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची तळ्यात वीण घडवली. तो दिवस आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली अशी पिलांच्या वाढत्या टप्प्यांची साखळी उभी राहिली. १९७१पासून एकाच तळ्यात पाच-सहा जातींचे कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातले मासे, एकत्र वाढवण्याचा देशव्यापी संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि हेक्टरी उत्पादन कितीतरी पटींनी वाढले. अन्नटंचाईच्या त्या दशकांत हे यश लहान नव्हते. या पद्धतीत तळे तयार करण्याची पहिली पायरी मात्र अशी होती, की बोटुकली सोडण्यापूर्वी तळ्यातला इतर प्रत्येक मासा मारायचा. त्यासाठी मोहाची पेंड वापरावी, प्रमाण हेक्टरी एक मीटर खोल पाण्याला सुमारे अडीच हजार किलो. पेंडीतल्या विषारी द्रव्याने मासे गुदमरून वर येतात आणि पुढे पेंड कुजून तिचे खत होते. एकीकडे १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने नदीनाल्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला होता. दुसरीकडे विष कालवून आधी इथले मासे संपवणे ही शेततळ्यातल्या मत्स्यशेतीची शिफारस झाली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी समजण्यासारख्या आहेत. पोसलेल्या तळ्यात आगंतुक मासा खाद्य खातो, मरळ तर बोटुकलीच खाते, आणि तळे शेतकऱ्याचे आहे. घोटाळा झाला तो तळ्याचा हिशेब धरणाला आणि नदीला लावल्यामुळे.

तळे रिकामे करता येते, धरण करता येत नाही. तळ्यात सोडलेली बोटुकली मोजून परत मिळते, हजारो हेक्टरांवर पसरलेल्या जलाशयात ती विखुरते. तळ्यात खाद्य घालतात, धरणात मासा मिळेल त्यावर जगतो. तरीही धरणातल्या मासेमारीचा सगळा हिशेब याच तीन-चार जातींभोवती फिरतो. किती लाख बोटुकली सोडली, किती टन निघाली, ठेक्याची रक्कम किती. जे आपोआप वाढले, ज्याच्यावर एक रुपया खर्च झाला नाही, त्याला वहीत रकाना नाही. माजलगावसारख्या धरणात तर या हिशेबाला दुष्काळाचा आणखी एक पेच पडतो. २०१६च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या धरणांचा उपयुक्त साठा संपला होता. माजलगावही त्यात होते. असे वर्ष आले की पाणी मृतसाठ्यावर येते, मासे थोड्या जागेत एकवटतात आणि उरलेसुरले काढून घेण्याची घाई होते. रोहू-कटल्याचे तिथले वंशसातत्य मुख्यतः दरवर्षी बाहेरून येणाऱ्या बोटुकलीवर अवलंबून. ती आली नाही की पुढचे पीक नाही. उलट, किरकोळ म्हटलेल्या माशांची उरलेली थोडी जोडपी पुढच्या पावसात बिनखर्चाने संख्या भरून काढतात. जोखमीच्या मुलुखात ज्या बियाण्याला दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही त्याची किंमत कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला समजते. माशांच्या बाबतीत ती नोंदवायचे आपल्याकडून राहून गेले.

ही केवळ आपली चूक नाही. अमेरिकेत गेल्या शतकात नद्यांतल्या माशांची अशीच दोन ढिगांत वाटणी झाली. ट्राउटसारखे गळाच्या शौकिनांचे मासे एका बाजूला, बाकीचे रद्दी. १९६२च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंग आणि युटा राज्यांतून वाहणाऱ्या ग्रीन नदीत, फ्लेमिंग गॉर्ज धरण भरण्याआधी, रोटेनोन नावाचे माशांचे विष शेकडो किलोमीटरच्या प्रवाहात सोडले गेले. उद्देश हा, की नव्या जलाशयात ट्राउट सोडण्यापूर्वी रद्दी मासे साफ व्हावेत. त्याच नदीखोऱ्यातल्या चार मूळ जाती पुढे त्याच देशाच्या १९७३च्या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षित कराव्या लागल्या आणि त्यांना वाचवण्यासाठी अफाट पैसा ओतावा लागला. मिनेसोटा राज्यातल्या बफेलो नावाच्या, रद्दीत गणलेल्या मोठ्या माशाची वये २०१९ साली कानातल्या अस्थीवरून मोजली गेली, तेव्हा त्यांतला एक मासा ११२ वर्षांचा निघाला. ज्याला कोणी मोजण्यालायक समजले नव्हते तो गोड्या पाण्यातल्या सर्वांत दीर्घायुषी माशांपैकी एक ठरला. २०२१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी रद्दी मासा ही कल्पनाच टाकून द्यावी असा सविस्तर लेख प्रसिद्ध केला आणि २०२४ साली मिनेसोटाने कायद्यात मूळच्या माशांचा वेगळा वर्ग केला. यातला धडा भावनेचा नाही. ज्या माशाकडे आपण पाहात नाही त्याच्याविषयी आपल्याला काही ठाऊकही होत नाही, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला निरुपयोगी ठरवणे फार सोपे असते.

आपल्याकडेही वारे फिरले आहे, पण ते आधी बाजारातून फिरले. मरळ हे त्याचे ठळक उदाहरण. मत्स्यशेतीने जिला शत्रू ठरवले तीच मरळ आज रोहू-कटल्याच्या दुपटीहून अधिक भावाने जाते. एका मधल्या काट्याखेरीज फारसे काटे नाहीत, पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते, चवीला घट्ट. शेजारच्या तेलंगणाने २०१६ साली तिला राज्यमासा केले. मृग लागताना हैदराबादेत दम्याच्या रुग्णांना जो मासा गिळायला देतात तो मरळीचेच पिल्लू. बीड जिल्हा एकेकाळी ज्या हैदराबाद संस्थानात होता तिथला हा लौकिक. आता मरळीच्या संगोपनाची प्रशिक्षणे होतात. आनंदच आहे. पण इथेच सावध व्हायला हवे. मरळीचा मान वाढला तो तिला भाव आला म्हणून. म्हणजे मोजपट्टी बदललीच नाही, त्या मोजपट्टीवर एक जात वर सरकली एवढेच. खवली, मुरी, चिंगळी तिथेच राहिल्या. खरा बदल पोषणशास्त्राने सुचवला आहे. मूळच्या त्रिनिदादच्या शास्त्रज्ञ शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांनी बांगलादेशात अनेक वर्षे बारीक माशांचा अभ्यास केला आणि त्यासाठी २०२१चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. मोला हा बोटाएवढा मासा शंभर ग्रॅम घेतला तर त्यात 'अ' जीवनसत्त्व सुमारे अडीच हजार मायक्रोग्रॅम मिळते. रोहू किंवा सिल्व्हर कार्पमध्ये ते शंभराच्याही बरेच खाली असते. कारण साधे आहे. मोठ्या माशाचा आपण मांसल तुकडा खातो. बारीक मासा डोके, डोळे, हाडे यांसकट पोटात जातो, आणि 'अ' जीवनसत्त्व मुख्यतः डोळ्यांत व आतड्यांत, तर कॅल्शियम हाडांत असते. मोला गोदावरीच्या खोऱ्यातही आढळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या लाखो माणसांच्या बीड जिल्ह्यात, जिथे बायका-मुलांच्या रक्तक्षयाचा प्रश्न कायमचा आहे, तिथे हा दुसरा ढीग किलोच्या भावाने मोजणे योग्य नाही. पावसाळ्यात ही कुटुंबे गावात असतात, आणि बारीक मासाही नेमका तेव्हाच मुबलक असतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मासेमारांचाच आहे, आणि तो मान देऊन ऐकायला हवा. मच्छीमार संस्थेला ठेका भरायचा असतो, जाळी-तराफ्याचा खर्च निघायचा असतो. चिंगळ्यांवर घर चालत नाही, रोहूवर चालते. हे खरे आहे. कार्प बंद करा असे म्हणणारा माणूस भोई वस्तीत कधी बसलेला नसतो. पण दोहोंपैकी एकच निवडा असा प्रश्नच नाही. बांगलादेशातल्या प्रयोगांत तळ्यातले बारीक मासे न मारता त्यांच्यासोबतच कार्प वाढवले गेले. कार्पचे उत्पन्न त्यामुळे घटले नाही, वर बारीक मासा दर आठवड्याला घरच्यांच्या ताटात आला. तळ्यात हे जमते तर धरणात, जिथे तसेही कोणी पेंड टाकत नाही, तिथे विरोध उरतोच कुठे? मासेमारांचे नुकसान खरे होते ते दुसऱ्याच गोष्टीने. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी सगळे खरवडून नेतात, आणि त्यात रोहूची महागडी बोटुकलीही जाते. त्या जाळ्यांना आळा बसला तर दोन्ही ढिगांचे भले होते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. किरकोळ ढिगातला प्रत्येक मासा जपण्यासारखा आहे का? नाही, आणि ही सरमिसळच सध्या सर्वांत घातक आहे. त्या ढिगात आज चिलापीही असते. ती आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली, आणि काही वर्षांतच तिचा प्रसार थांबवावा असे शास्त्रज्ञांना सांगावे लागले, पण तोवर उशीर झाला होता. ती वर्षातून अनेकदा वीण करते, पिल्ले तोंडात सांभाळते आणि इतरांची जागा बळकावते. उजनीसारख्या जलाशयात तिचेच राज्य आहे. आफ्रिकी मांगूर २००० सालापासून बंदी असूनही लपूनछपून पाळला जातो. काचेच्या टाकीतून नदीत पोहोचलेला सकर मासा जाळी फाडतो आणि खायच्या उपयोगाचा नाही. डास खावेत म्हणून आरोग्य खात्याने विहिरी-तळ्यांत सोडलेला गम्बुशिया १९२८च्या सुमारास भारतात आला. तो इथल्या माशांच्या अंड्या-पिल्लांवर तुटून पडतो. डासांच्या अळ्या खाणारे इथलेच बारीक मासे ओढ्याओढ्यात होते, पण ते कोणाच्या नजरेत भरले नाहीत. म्हणून नवी वाटणी मोठा आणि बारीक अशी करू नये. नदीचा आणि बाहेरचा अशी करावी. गरिबाच्या ताटात स्वस्त चिलापी पडते, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ती भरपूर खावी. फक्त एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात ती मुद्दाम सोडू नये.

आता आठवणींचा मुद्दा. लहानपणी ओढ्यात केवढे मासे होते, हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकू येते, की ते वजन गमावून बसले आहे. संशयी वाचक विचारेल की लहानपणी सगळेच मोठे आणि पुष्कळ दिसते, त्याला पुरावा कसा म्हणायचा? शंका रास्त आहे. तरी याच शंकेची उलट बाजू मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली दाखवून दिली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेल्या अवस्थेलाच मूळ अवस्था समजते आणि घट तिथून मोजते. त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्यांत झालेली मोठी झीज कोणाच्याच हिशेबात येत नाही. १९८७ नंतर जन्मलेल्याला धरणातली चिलापी मूळचीच वाटणार. अशा वेळी धरणापूर्वीची सिंदफणा पाहिलेला माणूस अमोल साक्षीदार ठरतो. त्याची साक्ष तपासून घ्यायची रीतही आहे. किती मासे होते याविषयीची आठवण भरवशाची नसते. कोणते मासे होते, कोणत्या डोहात, कोणत्या नक्षत्रात, पाणी कुठवर, तळाला वाळू की गोटे, याविषयीची आठवण बहुधा पक्की असते, आणि ती पडताळता येते. एका गावातल्या चार जणांना वेगवेगळे विचारले आणि चौघांनी एकाच डोहाचे, एकाच जातीचे वर्णन केले, तर तो पुरावाच आहे. विदर्भात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने नेमके हे केले. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजातल्या जुन्या जाणत्यांचे ज्ञान आधाराला घेतले. माजलेली बेशरम काढली, तळ्यांचे तळ नांगरले, मूळच्या पाणवनस्पती लावल्या, आणि माशांना अंडी घालायला जागा परत मिळवून दिली. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना तिथल्या माणसांनी सांगितले. त्या कामात ढीवर बायकांचे गट पुढे होते.

या आठवणींना सोनेरी मुलामा देण्याची मात्र गरज नाही. पहिल्या पाण्याला वर जाणारे चढणीचे मासे पकडण्याचा जो सोहळा सगळे आठवतात, त्यात पोटात गाभोळी असलेल्या माद्याच हाती लागत. नदी भरलेली असताना ते खपून गेले. आज तेच केले तर उरलेसुरले बीजही जाईल. माशांना विषारी असलेले हिंगणबेटाचे फळ ठेचून डोहात टाकणे, उन्हाळ्यात डोह उपसून रिकामा करणे हेही जुनेच उद्योग. लहानपणच्या मासेमारीतून घ्यायचे ते पकडण्याचे कौतुक नव्हे, पाहण्याची सवय. माळकरी घरांतली, मासे न खाणारी मुलेही ओढ्यात उतरत, मरळीच्या पिलांचा लालसर पुंजका आणि त्याभोवती घिरट्या घालणारी मरळ पाहात, आणि पाहून परत येत. खाण्या-न खाण्याचा वाद इथे आणायचे कारण नाही. मुलांच्या हातून ओढा कसा गेला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. घोट्याएवढ्या पाण्याची जागा धरणाच्या खोल फुगवट्याने आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याने घेतली. शेततळ्याच्या निसरड्या उतारावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. आईबाप मुलांना पाण्याकडे जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. नाला खोलीकरण-रुंदीकरणाने पाणी थांबले, विहिरींना फायदा झाला. पण अनेक ठिकाणी सरळ खणलेल्या चरात ना गोटे राहिले, ना काठचे गवत, ना उथळ धार, आणि उथळ धारेशिवाय ना मुरी राहते ना मूल. गोदावरी-सिंदफणेच्या पात्रातून उपसली जाणारी वाळूही फक्त बांधकामाचा माल नसते. ती अनेक माशांचे घर आणि अंडी घालायची जागा असते.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्याआधी काढायचेच असतात. ते मृगापूर्वी खरोखर निघाले तर पहिल्या पाण्याला वर चढणाऱ्या माशांची वाट थोडी तरी मोकळी होते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडलेले मासे पाटीने उपसणे पहिले दोन आठवडे थांबवणे हे ग्रामसभेच्या हातातले आहे. खोलीकरण करताना प्रत्येक ओढ्यात एखादा जुना डोह आणि त्याच्या वरचा उथळ पट्टा न छेडता सोडता येतो. धरणाचा ठेका देताना बोटुकलीच्या संख्येसोबत किरकोळ मासळीचेही वजन जातवार लिहून घेतले, तर माजलगावच्या पाण्यात नक्की काय जगते आहे हे पाच वर्षांत कळेल. यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितलीच आहे. महाराष्ट्रात या नोंदवह्या मोठ्या संख्येने तयारही झाल्या, पण मुदतीच्या धावपळीत कित्येक ठिकाणी माशांचे पान रोहू-कटल्यावर भागले. मंजरथपासून वर सिंदफणेकाठच्या गावांनी ते पान पुन्हा उघडावे. शाळेतल्या मुलांनी वहीपेन्सिल घेऊन गावातल्या सत्तरीच्या माणसांकडे जावे, आणि भोईवाड्यात तर आधी. कोणता मासा, कोणत्या डोहात, कोणत्या नक्षत्रात दिसायचा, पिलू कसे होते, शेवटचा केव्हा पाहिला, एवढेच विचारावे. मग त्या यादीसह पुढच्या पावसाळ्यात मोठ्यांच्या सोबतीने ओढ्यावर जावे आणि त्यातले कोण अजून आहे ते पाहावे. धरणापूर्वी दहा वर्षांची असलेली मुले आता पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत, तेव्हा जाणती तरुण असलेली साठी-सत्तरीत आहेत. हे काम पुढच्या पाच-सात वर्षांत झाले नाही तर विचारायला फार कोणी उरणार नाही.